गर्दी, रोग आणि परतीची वाट

३० जून २०२० रोजी, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एस.टी. बसमधून आळंदीहून पंढरपूरला गेल्या. पालखी सोहळ्याला जी वाट चालायला जवळजवळ तीन आठवडे लागतात, ती त्या बसने काही तासांत संपवली. दिवे घाट मोकळा होता, लोणंद-फलटणच्या तळांवर राहुट्या नव्हत्या आणि चांदोबाच्या लिंबापाशी त्या वर्षी उभे रिंगण झाले नाही. लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते, विषाणू नेमका कसा पसरतो याबद्दल तज्ज्ञांतही एकमत नव्हते. अशा वेळी पायी वारी स्थगित करण्याचा निर्णय योग्यच होता, आणि बहुसंख्य वारकऱ्यांनी तो जड अंतःकरणाने का होईना पाळला, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. परंतु त्या निर्णयातून आपण एक सोपा धडा घेऊन मोकळे झालो, तो असा की गर्दी म्हणजे रोग आणि बंदी म्हणजे आरोग्य. हा धडा अपुरा आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरायचा असताना तो तसाच गृहीत धरणे किंवा साथ ओसरली म्हणून सगळेच विसरून जाणे, या दोन्ही गोष्टी आपल्याला महागात पडतील.

माणसे किती जमली हे रोगाच्या दृष्टीने दुय्यम आहे. ती कोणते पाणी पितात, कोणत्या हवेत किती वेळ एकत्र बसतात, शौचाला कुठे जातात आणि कोणत्या वाटेने घरी परततात, यावर सारे ठरते. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, इतिहास याची सर्वांत स्पष्ट साक्ष देतो. १८६७ च्या एप्रिलमध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्याला तीसेक लाख यात्रेकरू आले असावेत असा तेव्हाचा अंदाज होता. मुख्य स्नानाच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला, छावणीतील घाण वाहून नदीत गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात माणसांनी डुबकी मारली, ते पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतले. मात्र खरा अनर्थ हरिद्वारात घडलाच नाही. यात्रा पांगली, आणि यात्रेकरू ज्या ज्या रस्त्यांनी गावी निघाले, त्या त्या रस्त्यांवरची गावे पंजाबपर्यंत एकामागून एक आजारी पडत गेली.

पटकीचा जंतू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा अवधी लागतो, आणि ज्यांना लागण होते त्यांतील पुष्कळांना काहीच त्रास जाणवत नाही. तरीही त्यांच्या मलावाटे जंतू काही दिवस बाहेर पडत राहतो. म्हणजे यात्रेच्या ठिकाणी सारे आलबेल दिसते, अधिकारी समाधानाने अहवाल लिहितात, आणि रोग तोवर गाठोड्यात बांधून शंभर-दोनशे गावांकडे निघालेला असतो. आपल्याकडे आषाढीला मुक्ताईनगर, शेगाव, पैठण, त्र्यंबकेश्वर अशा चहूबाजूंनी पालख्या येतात, विदर्भ-मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात, आणि पौर्णिमेचा काला झाला की ही सारी माणसे एस.टी.ने, रेल्वेने, ट्रकने दोन दिवसांत पांगतात. येताना वीस-पंचवीस दिवस, जाताना एक रात्र. रोगाला हवी असते ती नेमकी हीच घाई. तरीही आरोग्य यंत्रणेची सगळी ताकद एकादशीच्या दिवसापर्यंत पणाला लागते आणि द्वादशीपासून तंबू उतरू लागतात. या विषयात आपण सातत्याने करत आलेली ही सर्वांत मोठी चूक आहे असे माझे मत आहे.

हवेतून पसरणाऱ्या रोगाचा हिशेब वेगळा असतो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांतील एकाला सौम्य लक्षणे होती. पुढील काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. ६१ माणसांना आपण गर्दी म्हणणारही नाही. आपल्याकडे बारशाला याहून अधिक माणसे असतात. बंद खोली, मोठ्याने गाणे आणि लांबलेली वेळ या तीन गोष्टींनी तेथे घात केला. बहुतेक कोरोनाबाधितांकडून कोणालाच लागण होत नाही आणि थोड्या बाधितांकडून एकाच प्रसंगी डझनावारी माणसांना होते, हे त्या वर्षी हळूहळू लक्षात आले. ही गोष्ट वारीला लावून पाहिली, तर दिवसभर मोकळ्या माळावरून चालणारी दिंडी ही वारीतील सर्वांत कमी धोक्याची अवस्था ठरते, आणि रात्री शाळेच्या वर्गखोलीत, मंगल कार्यालयात किंवा ताडपत्री लावून बंद केलेल्या ट्रकमध्ये दाटीवाटीने झोपलेले चाळीस जण ही सर्वांत जास्त धोक्याची. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र चालणारा जनसागरच भयंकर वाटतो, कारण छायाचित्रात तोच येतो. डोळ्यांना दिसणारी गर्दी आणि रोगाला उपयोगी पडणारी गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धोरण आखणाऱ्यांना उमगले नाही तर बंदी भलत्याच ठिकाणी पडते.

ती भलत्या ठिकाणी पडल्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली, आणि ज्या साथीला एका बंदरात थोपवता आले असते ती आगगाडीने मुलखभर गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला, ज्याने सरकारला प्रवास रोखण्याचे, घरे तपासण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात सोल्जर घरोघर शिरले, देवघरांपर्यंत गेले, लोकांनी रोगी माळ्यावर आणि कणगीत लपवले, आणि जूनमध्ये रँडचा वध झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. शाळेत सहसा न शिकवली जाणारी गोष्ट अशी की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमाँ याने दाखवले ते १८९८ साली, म्हणजे ही सारी जबरदस्ती होऊन गेल्यानंतर. रोग कसा पसरतो हे ठाऊक नसताना सरकारने तो माणसांत शोधला आणि त्या शोधात माणसांचा विश्वास कायमचा गमावला. त्याच पुण्यात, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या एका मुलाला स्वतः उचलून आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंत यांच्या, दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे सोल्जरला पाहून दार लावणाऱ्या वस्तीने या बाईंच्या हाती आपली मुले दिली होती. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू केला. कायदा तोच राहिला तरी त्यामागचा १८९७ चा अनुभव आपण सोबत घेतला होता का, हा प्रश्न मला अजूनही सतावतो.

आता माणसांच्या वागण्याकडे वळतो, कारण या विषयाचा गाभा तेथे आहे. अलाहाबादच्या माघ मेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून केला. थंडी, गोंगाट, गैरसोय आणि गर्दी यांत महिना काढूनही या माणसांनी स्वतःच्या प्रकृतीबद्दल आणि मनःस्थितीबद्दल जे सांगितले ते गावी राहिलेल्यांपेक्षा चांगले होते. आपण सारे एक आहोत ही भावना माणसाला बळ देते, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु या आपलेपणाला दुसरी बाजूही आहे. आपला वाटणाऱ्या माणसाची किळस आपल्याला कमी वाटते, असे याच विषयावरच्या प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे एरवी दुसऱ्याचा उष्टा पेला न चालणारा माणूस वारीत त्याच पेल्याने पाणी पितो, एका पत्रावळीत चौघे जेवतात, खोकणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी बाजूला हो म्हणत नाही. जातिभेदाने पोखरलेल्या समाजात ही गोष्ट लहान नाही. एकमेकांच्या पाया पडणारी, परक्याला माउली म्हणणारी ही रीत शतकांच्या कष्टाने घडली आहे, आणि 'अंतर राखा' असे ध्वनिक्षेपकावरून सांगणाऱ्याला आपण नेमके काय मोडायला सांगत आहोत याची जाणीव असायला हवी. जंतूला या आपलेपणाचा फायदा मिळतो हे खरे, पण रोगाविरुद्ध काम करण्यासाठी आपल्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधनही हाच आपलेपणा आहे.

हे मी एका मुक्कामावर प्रत्यक्ष पाहिले आहे. माळशिरस तालुक्यातील एका गावी, पालखी यायच्या दिवशी, आरोग्य केंद्राच्या लोकांबरोबर मदतीला मी होतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पहाटेपासून टँकर भरण्याच्या ठिकाणी उभा होता. प्रत्येक टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरीचे द्रावण पडले की तो अर्धा तास थांबे, मग काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासण्याच्या औषधाचे, थेंब टाकी आणि नळी उजेडाकडे धरी. पाणी पिवळसर झाले तर टँकर सुटे. पांढरे राहिले तर पुन्हा द्रावण, पुन्हा अर्धा तास. दुपारी तीन-चार दिंड्या एकदम येऊन थडकल्या. एका दिंडीतील बायकांनी कळशा लावल्या आणि पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून त्या तशाच ओतून देऊन पलीकडच्या शेतातील विहिरीकडे निघाल्या. ती विहीर तपासणीत नापास झालेली होती, तिच्यावर तसा लाल फलकही होता. आरोग्यसेविकेने दोनदा समजावले, पोलिसाने एकदा आवाज चढवला. कोणी ऐकले नाही. शेवटी आरोग्यसेविका दिंडीच्या विणेकऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, "माउली, तुम्ही आधी घोटभर प्या, मग बाकीचे पितील." त्या वृद्ध गृहस्थांनी गळ्यातील वीणा न उतरवता टँकरच्या तोटीखाली ओंजळ धरली, पाणी प्यायले, आणि मागे वळून एवढेच म्हणाले, "चांगलं आहे, भरून घ्या." विहिरीकडे निघालेल्या कळशा परत आल्या. त्या रात्री त्या तळावर हजारो माणसांनी तेच पाणी प्यायले.

दिंडी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, जागा ठरलेली असते, चालक असतो, विणेकरी असतो, स्वयंपाकाचा ट्रक आणि पाण्याची सोय असते, कोणाचे कोण आजारी आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. चोपदाराने दंड वर केला की लाखोंचा समाज आरती ऐकायला क्षणात शांत होतो. एवढी बांधीव रचना असलेला समुदाय जगात क्वचितच आढळेल, आणि तरीही आपले आरोग्य नियोजन त्याला सुटी डोकी समजून केले जाते: इतके लाख भाविक, इतके दवाखाने, इतक्या रुग्णवाहिका. अलीकडच्या वर्षांत आरोग्य विभागाने वारीच्या वाटेवर ठिकठिकाणी तपासणी आणि औषधोपचाराची मोठी व्यवस्था उभी केली आहे, पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या जातात, फिरती शौचालये वाढली आहेत, आणि या कामाचे मोल मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या दिवशी प्रत्येक दिंडीतील दोन माणसे, त्यांतील एक बाई, क्लोरीन तपासायला, जुलाबाचा रुग्ण ओळखायला आणि क्षारसंजीवनी करून पाजायला शिकलेली असतील, त्या दिवशी या व्यवस्थेची ताकद दसपट होईल. क्षारसंजीवनीचे महत्त्व किती, हे १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी सिद्ध केले. सलाइन संपल्यावर त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले आणि पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्याही खाली आले. तीही गर्दीच होती, आणि हाल-अपेष्टांत वारीहून कितीतरी भयंकर होती. तेथे रुग्णांना वाचवणारे हात त्या गर्दीतलेच होते.

मेळ्याची घाण कोणी उचलायची, या प्रश्नाला बगल देऊन आरोग्याची चर्चा करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. चंद्रभागेच्या वाळवंटात वर्षानुवर्षे लाखो माणसे उघड्यावर बसत आली आणि ती घाण सफाई कामगारांनी, तीही बहुतांशी एकाच समाजातील स्त्री-पुरुषांनी, हाताने काढली. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतरच शौचालयांची संख्या वाढली, वाळवंटातील तंबूंवर निर्बंध आले, दिंड्यांसाठी ६५ एकरांचा तळ विकसित झाला. वारकऱ्यांच्या भावना दुखावतील म्हणून हे आधी कोणी बोलत नव्हते. झाले ते उलटेच. सोय झाल्यावर वारकऱ्यांनी ती वापरली. लोक अस्वच्छ असतात म्हणून मेळे अस्वच्छ असतात, हे १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या आरोग्य परिषदेपासून, जिने हिंदुस्थानातील यात्रांना पटकीच्या प्रसाराचे मोठे कारण ठरवले, आजतागायत बोलले जाते. शंभर माणसांमागे एकही शौचालय नसताना माणसाने कुठे जायचे, हा प्रश्न विचारायला मात्र इतकी वर्षे लागली.

साथीत समाज कसा वागतो याचे एक जुने चित्र आपल्या खेड्यांत आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पुढचे गाव तो त्याच्या शिवेपलीकडे ढकलायचे. भीतीच्या काळात माणसाला रोग कोणाच्या तरी हद्दीत लोटायचा असतो. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलिगी जमातीच्या मेळाव्यातून अनेक राज्यांत लागण पोहोचली, ही वस्तुस्थिती आहे. दाटीने राहणे, एकत्र जेवणे आणि लांबचे प्रवास यांतून ती पोहोचणारच होती. परंतु त्यानंतर एका अख्ख्या समाजाच्या नावाने गाडा ओढला गेला, भाजीवाल्यांची नावे विचारून त्यांना गल्लीबाहेर काढले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना, या लोकांना बळीचा बकरा बनवण्यात आले असावे, असे स्पष्ट शब्दांत नोंदवले. याचा आरोग्यावर होणारा परिणाम साधा आणि भयानक असतो: ज्या समाजावर खापर फुटते तो चाचणीला पुढे येत नाही, आणि न तपासलेला रुग्ण सगळ्यांचाच रुग्ण होतो.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट चढत असताना हरिद्वारला शाही स्नाने झाली आणि पंतप्रधानांनी कुंभ प्रतीकात्मक ठेवण्याचे आवाहन केले ते १७ एप्रिलला, म्हणजे मुख्य स्नाने उरकल्यावर. त्या मेळ्यातील बनावट चाचण्यांचे प्रकरण नंतर चौकशीपर्यंत गेले. त्याच १७ एप्रिलला आपल्या पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात विधानसभेची पोटनिवडणूक झाली. तिच्या प्रचारात सभा झाल्या, पुढारी आले, माणसे जमली. आणि तीन महिन्यांनी, जुलैत, त्याच पंढरपूरकडे पायी निघू पाहणाऱ्या वारकऱ्यांना अडवण्यात आले, एका ज्येष्ठ कीर्तनकारांना स्थानबद्ध करण्यात आले. जुलै २०२१ मध्ये पायी वारीवर निर्बंध असणे मला चुकीचे वाटत नाही. लसीकरण अपुरे होते आणि दुसऱ्या लाटेच्या जखमा ओल्या होत्या. परंतु मतांसाठी जमलेली गर्दी चालते आणि माउलींसाठी जमलेली चालत नाही, असा अर्थ एखाद्या वारकऱ्याने काढला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? लग्न, प्रचारसभा, आठवडी बाजार, उरूस, वारी आणि क्रिकेटचा सामना या सर्वांना हवा, पाणी, दाटी, वेळ आणि परतीचा प्रवास यांच्या एकाच मोजपट्टीने मोजले गेले पाहिजे आणि ती मोजपट्टी साथ येण्यापूर्वी जाहीर झालेली असली पाहिजे. साथीच्या ऐन तोंडावर काढलेला नियम कितीही शास्त्रीय असला तरी तो कोणाच्या तरी विरुद्ध काढलेला वाटतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मी हलका मानत नाही. लोकांच्या समजूतदारपणावर विसंबून साथ आवरत नाही, थोड्यांचा हट्ट अनेकांच्या जिवावर बेतू शकतो, आणि रोगाला भावना कळत नाहीत. म्हणून सरकारने कठोर व्हावे, असे म्हणणारे अनेक डॉक्टर माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी दुसऱ्या लाटेत खाटेअभावी माणसे मरताना पाहिली आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की कठोरपणाला आधी केलेल्या व्यवहाराची पुण्याई लागते. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने आपणहून मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवले. तेथे पोलीस बंदोबस्ताची गरज पडली नाही, कारण निर्णय मंडळाचा होता आणि मंडळाला वस्ती आपली मानत होती. सौदी अरेबियाने २०२० मध्ये हज जेमतेम हजारभर माणसांपुरती मर्यादित केली आणि जगभरच्या मुसलमानांनी ते स्वीकारले. त्याआधी कितीतरी वर्षे मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय हजला प्रवेश नाही हा नियम तेथे सर्वांना सारखा लागू होता आणि यात्रेकरूंच्या अंगवळणी पडलेला होता. बंदी घालण्याची वेळ येईल तेव्हा ती पाळली जावी, यासाठी बंदी नसलेल्या वर्षांत काम करावे लागते.

नाशिकच्या सिंहस्थाचा विचार याच दृष्टीने व्हायला हवा. हरिद्वार आणि प्रयागचे मेळे कोरड्या ऋतूत भरतात; नाशिकचा ऐन पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात भरतो. गोदावरी गढूळ असते, आणि गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो, हे कोणत्याही पाणीपुरवठ्याच्या माणसाला विचारावे. नाल्यांचे पाणी नदीत उतरते, शहरात डेंग्यूचा आणि काविळीचा हंगाम असतो, आणि रामकुंडाभोवतालचे रस्ते अरुंद आहेत. २००३ मध्ये तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मेले, त्यामागे हा अरुंदपणाही होता. जी दाटी चेंगरते तीच खोकल्याचा रोगही पसरवते, म्हणून गर्दीचा ओघ मोकळा ठेवणे हे पोलिसांइतकेच आरोग्य खात्याचेही काम आहे. २०२५ मध्ये प्रयागच्या पाण्यात विष्ठेतील जंतूंचे प्रमाण स्नानयोग्य मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादाला कळवले, तेव्हा त्या आकड्यांवर श्रद्धेचा अपमान म्हणून वाद झाला. नाशिकला तो वाद टाळायचा असेल तर पाण्याच्या तपासणीचे निकाल दर दिवशी घाटावरच, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत लावावेत, आणि ते वाचून दाखवण्याचा मान आखाड्यांच्या महंतांना द्यावा. ज्याला जंतूंची संख्या कळत नाही त्याला महंतांनी आज तीर्थ तोंडात घेऊ नका, फक्त स्नान करा, असे सांगितलेले कळते.

२०१५ च्या सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकच्या तात्पुरत्या दवाखान्यांतील रुग्णांच्या नोंदी टॅब्लेटवर घेऊन रोजच्या रोज एकत्र पाहण्याचा प्रयोग झाला होता. कोणत्या सेक्टरमध्ये जुलाब वाढले, कुठे ताप वाढला हे त्याच दिवशी कळू शकत होते. हा प्रयोग पुन्हा व्हावा, मोठा व्हावा, पण त्याची हद्द नाशिकच्या वेशीवर संपू नये. मेळ्यातून निघालेल्या बसची आणि रेल्वेगाडीची दिशा ठाऊक असते. कोणत्या जिल्ह्यांत किती माणसे परतणार याचा अंदाज आरक्षणांवरून आणि दिंड्यांच्या, आखाड्यांच्या यादीवरून आधीच बांधता येतो. तो अंदाज त्या त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती पडला पाहिजे, आणि तेथून उपकेंद्रापर्यंत. हिंगोलीच्या किंवा यवतमाळच्या एखाद्या गावात पुढचे दहा दिवस आशाताईने घरोघर जाऊन यात्रेहून कोण कोण आले, कोणाला जुलाब, ताप, खोकला आहे का, हे विचारावे, आणि जलसुरक्षकाने त्या दहा दिवसांत गावच्या टाकीतील पाण्याची ओटी एक दिवसही चुकवू नये. या कामाला लागणारी माणसे आज गावात आहेत, नळी आणि थेंबांची बाटली ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, आणि आशाताईला तिच्या वस्तीतून कोण यात्रेला गेले आहे हे बहुधा तोंडपाठच असते. कमी आहे ती त्या दहा दिवसांच्या मानधनाची आणि एका लेखी आदेशाची.